आधी ते, जे पुन्हा मिळणार नाही

बाबांचा लॅपटॉप मंद झाला तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं: जुना झालाय, आता असाच चालणार. मला ते पटेना. जुनं मशीन सगळीकडे सारखंच मंद असतं. हे मात्र एरवी ठीक चालायचं आणि ठरावीक काही फोल्डरांपाशी आलं की अडायचं. माउसचा बाण हलतोय, डिस्कचा दिवा न लुकलुकता सलग पेटलेला, बाकी सगळं ठप्प. मग थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. मेमरी कमी पडली तर असं ठरावीक जागी अडत नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एखादा सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा लहानसा कप्पा, धड वाचता आला नाही की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघत राहते आणि विंडोज तिची वाट बघत थांबतं.

म्हणून पहिलं काम केलं ते लॅपटॉप रीतसर बंद करण्याचं. आपण काहीही करत नसलो तरी विंडोज डिस्कवर सतत लिहीत असतं: पेजफाइल, सर्चचा इंडेक्स, अँटिव्हायरसची तपासणी, नोंदींच्या फायली. डिस्क शेवटच्या दिवसांत असेल तर तिच्याकडून यातलं काहीच करून घ्यायचं नाही, आणि डेटा काढण्याची तयारी पूर्ण होईपर्यंत तिला चालूच करायचं नाही.

मशीन विंडोज ७ च्या काळातलं. अडीच इंची ५०० जीबीची डिस्क, मिनिटाला ५,४०० फेरे, ४ जीबी रॅम, सगळे यूएसबी पोर्ट २.० चे. बॅटरी केव्हाच निकामी झालेली, त्यामुळे वायर निसटली की मशीन बंद. त्यावर बाबांचं निवृत्तीनंतरचं सगळं लिखाण, घरात डिजिटल कॅमेरा आला तेव्हापासूनचे फोटो आणि अनेक वर्षांची ईमेल.

“बाबा, याचा बॅकअप कुठे आहे?” मी विचारलं.

“आहे ना. सगळं डी ड्राइव्हवर टाकून ठेवलंय. सी ला काही झालं तरी डी शाबूत राहतो.”

हे त्यांना कुणीतरी पूर्वी सांगितलेलं, आणि सांगणाऱ्याचं चुकलं नव्हतं. विंडोज वरचेवर बिघडायचं, सी फॉरमॅट करून नव्याने टाकावं लागायचं, तेव्हा डी वरच्या फायली वाचायच्या. पण अशा लॅपटॉपमध्ये सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क नसतात. एकाच डिस्कचे पाडलेले दोन भाग असतात. तबकडी एकच, तिच्यावर फिरून डेटा वाचणारे हेडही तेच, मोटरही तीच. मोटर थांबली की दोन्ही एकदम जातात. बाबांना मी हे कागदावर वर्तुळ काढून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे एकच प्रत आहे.” हो, एकच. जुना लॅपटॉप वापरणाऱ्या कुणालाही मी हल्ली आधी हाच प्रश्न विचारतो, आणि ‘डी वर आहे’ हे उत्तर इतक्यांदा ऐकतो की मला काळजी वाटते.

डिस्कची खरी अवस्था कळावी म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका मोफत सिस्टीमचा, पेन ड्राइव्ह तयार केला आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. असं केलं की आतल्या डिस्कला हात न लावता पूर्ण मशीन पेन ड्राइव्हवर चालतं. सुरू झाल्या झाल्या दिसलं, की घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलंय. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की हे होतं. तारीख आधी दुरुस्त केली, कारण घड्याळ इतकं मागे असलं की ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र अमान्य ठरवतो, आणि आपण करणार त्या कामाच्या नोंदींवरही चुकीच्या तारखा पडतात.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. लिनक्सवर ती स्मार्टसीटीएल या कमांडने वाचता येते, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोने. वर ठळक अक्षरांत एकूण निकाल होता: पास. त्यावर विसंबू नये. तो निकाल डिस्क बनवणाऱ्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली की मगच बदलतो, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. मी बघतो त्या तीन ओळी: क्रमांक ५, १९७ आणि १९८. पाचव्या ओळीत असतात खराब ठरवून राखीव जागेतल्या सेक्टरांनी बदललेले सेक्टर. १९७ मध्ये असतात वाचता न आल्यामुळे निकाल लटकलेले सेक्टर. १९८ मध्ये डिस्कने स्वतःच्या चाचणीत वाचून बघितले आणि तरी दुरुस्त करता आले नाहीत ते. तिन्ही जागी शून्य असावं. इथे पाचव्या ओळीत थोडे होते आणि १९७ मध्ये त्यांच्या कितीतरी पट. याचा अर्थ नुकसान नवं होतं आणि पसरत होतं. खटखट आवाज मात्र नव्हता, तबकडी एका लयीत फिरत होती. खटखट आवाज असता तर मी तिथेच थांबलो असतो. तो आवाज हेड जागेवर बसत नसल्याचा असतो. अशा वेळी घरी केलेला प्रत्येक प्रयत्न तबकडीवर ओरखडे पाडू शकतो. ते काम धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

मधल्या काळात ओळखीतल्या एकाने कळकळीने सल्ला दिला, की आधी विंडोजमधलं चेकडिस्क चालवून डिस्क दुरुस्त करून घे आणि मग कॉपी कर. हा सल्ला जागोजागी मिळतो म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. चेकडिस्क फाइलसिस्टीम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदवही, जुळवून देतं, डेटा वाचवत नाही. ज्या फाइलची नोंद त्याला विसंगत वाटते ती नोंद ते काढून टाकतं, तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये निरर्थक नावांनी टाकतं, आणि खराब सेक्टर शोधायचा पर्याय दिला तर अख्खी डिस्क वाचून काढतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ही सगळी उलटी कामं आहेत. विंडोज सुरू होताना आपणहून डिस्क तपासायला निघतं आणि काही सेकंद मोजतं, तेव्हा कुठलीही की दाबून ते थांबवावं. डीफ्रॅगमेंट, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे उचलून एकत्र लावणं, तर अजिबात नको. आधी डेटा बाहेर काढायचा. दुरुस्तीचे प्रयोग करायचेच असतील तर काढलेल्या प्रतीवर.

कॉपी करायला बसण्याआधी बाबांना घेऊन बसलो आणि यादी केली. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा तास तोच होता. डिस्क किती टिकेल ते कुणीच सांगू शकत नाही, तेव्हा तिच्याकडून आधी काय मागायचं ते ठरलेलं हवं. प्रश्न एकच ठेवला: हे गेलं तर पुन्हा कुठून मिळेल का? डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये ढीगभर फायली होत्या, सगळ्या पुन्हा मिळण्यासारख्या. गाणी, सिनेमे, सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर, सगळं शेवटी. बँकेची पत्रकं पुन्हा काढता येतील, ती मधे. सगळ्यात वर बाबांचं लिखाण, मग फोटो, मग ईमेल.

ईमेल वर का? बाबा थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम वापरायचे आणि खातं पॉप पद्धतीने जोडलेलं होतं. त्या पद्धतीत पत्रं लॅपटॉपवर उतरवली जातात आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसली जातात. ब्राउझरमध्ये खातं उघडून बघितलं तर इनबॉक्समध्ये अलीकडची मोजकीच पत्रं होती. म्हणजे जुनी पत्रं जगात फक्त या डिस्कवर. आणि ती डॉक्युमेंट्समध्ये नसतात, ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून बॅकअप झाला असं मानणाऱ्यांची ईमेल इथेच राहून जाते.

बाबांना यादी करताना आठवत गेलं. “डी मध्ये ‘जुने’ नावाचं एक फोल्डर असेल बघ. त्याच्या आत आणखी एक ‘जुने’ आहे. आजीची मुलाखत त्यात आहे.” कॅमेऱ्यावर घेतलेली आजीची एक मुलाखत आहे हे मला माहीतच नव्हतं. ती यादीत फोटोंच्याही वर गेली.

नवी बाहेरची डिस्क २ टीबीची घेतली, म्हणजे जुन्या डिस्कची पूर्ण प्रतिमा (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली जशीच्या तशी प्रत) आणि सुट्या फायली दोन्ही तिच्यावर मावतील. एक गोष्ट आधी तपासली: ती कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसतच नाही, आणि इथे तर ५०० जीबीची एकच फाइल तयार होणार होती. एनटीएफएस चालतं, एक्सफॅटही चालतं. या डिस्कवर फक्त लिनक्सच लिहिणार होतं म्हणून मी ती लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करून घेतली.

जुनी डिस्क काढून नव्या कॉम्प्युटरला यूएसबी अडॅप्टरने जोडता आली असती. वेग वाढला असता. तरी मी ती लॅपटॉपमध्येच ठेवली. लॅपटॉपच्या आतल्या साटा या थेट जोडणीवर वाचनातली चूक नीट कळवली जाते. स्वस्त अडॅप्टर अशा वेळी कधी कधी अख्खी डिस्कच गायब झाल्यासारखं वागतात आणि सगळं पुन्हा जोडत बसावं लागतं. वेगापेक्षा मला सलगपणा हवा होता. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात ३० एमबीच्या आसपास मिळतो. त्या हिशेबाने निरोगी ५०० जीबीला साडेचार तास लागतात. खराब सेक्टर असले की तो हिशेब मोडतो, म्हणून घाई नसलेला दिवस निवडला. लॅपटॉप दोन पुस्तकांवर टेकवून खालून हवा खेळती ठेवली आणि पंखा शेजारी लावला.

आधी फायली की आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. पूर्ण प्रतिमा काढताना हेड एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरळ सरकतं. सुट्या फायली उचलताना ते इकडून तिकडे उड्या मारतं आणि डिस्कला जास्त श्रम होतात. म्हणून बरेच जण प्रतिमाच आधी काढतात. मी यादीतल्या वरच्या गोष्टी आधी उचलल्या. लिखाण आणि आजीची मुलाखत मिळून फार थोडे जीबी होते, आणि प्रतिमा निम्म्यावर असताना डिस्क बसली असती तर त्या निम्म्यात हे आलं असतं की नाही याची खात्री देता आली नसती. डिस्क फक्त-वाचन पद्धतीने जोडली, म्हणजे तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही. मिंटमध्ये फाइल मॅनेजरमधून नुसतं क्लिक केलं तर ती लिहिण्यायोग्य जोडली जाते. फक्त-वाचनाचा पर्याय टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, स्पष्टपणे द्यावा लागतो. मग आर-सिंक या कमांडने कॉपी केली. ते फायलींच्या तारखा जपतं, आणि एखादी फाइल वाचता आली नाही तर तिचं नाव सांगून पुढे जातं. विंडोजमधूनच काम करायचं असेल तर त्यातलं रोबोकॉपी चांगलं, पण त्याला एक गोष्ट बजावून सांगावी लागते. वाचता न आलेल्या फाइलवर ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करायला बसतं आणि दर खेपेला ३० सेकंद थांबतं. ते आकडे एकावर आणले नाहीत तर पहिल्याच खराब फाइलपाशी रात्र संपते.

लिखाण पूर्ण आलं. मुलाखत पूर्ण आली. बाबांना बोलावून ती तिथल्या तिथे, नव्या डिस्कवरून, सुरुवातीला, मधे आणि शेवटी चालवून बघितली.

मग डीडीरेस्क्यू. नाव मिळतंजुळतं असलं तरी डीडी या साध्या कॉपीच्या कमांडशी याची गल्लत करू नये. हा जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा वेगळा प्रोग्रॅम आहे आणि खराब डिस्कसाठीच लिहिलेला आहे. खराब जागा आली की तो तिथे झुंजत बसत नाही. तिची नोंद करून पुढे उडी मारतो आणि आधी सगळा चांगला भाग गोळा करतो. सोडलेल्या जागांकडे नंतर वळतो: आधी त्यांच्या कडा कातरतो, मग आतला भाग एकेक सेक्टर खरवडतो. हे सगळं तो मॅपफाइल नावाच्या एका छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहीत जातो. मधेच बंद केलं, वीज गेली, वायर निसटली, तरी त्याच मॅपफाइलसह पुन्हा सुरू केलं की जिथे होता तिथून पुढे. निकामी बॅटरीच्या मशीनवर याचं मोल फार. मॅपफाइल न देता चालवू नये एवढं एक वाक्य मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

कमांडमध्ये आधी कुठून, मग कुठे, हा क्रम असतो. एंटर दाबण्याआधी प्रत्येक डिस्कचं मॉडेल आणि आकार यादीत बघून घेतला, बाबांना मोठ्याने वाचायला लावला आणि मगच दाबलं. पहिल्या फेरीत खरवडण्याचा टप्पा बंद ठेवला.

पडद्यावर आकडे बदलत राहतात. मिळालेला भाग, राहिलेला भाग, सध्याचा वेग, वाचनातल्या चुका, आणि शेवटचं यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झालं ते. शेवटचा आकडा सगळ्यात बोलका. बराच वेळ तो शून्यावर होता, वेग स्थिर. १४० जीबीच्या पुढे वेग एकदम खाली आला, चुकांचा आकडा हलला, ‘शेवटचं यशस्वी वाचन’ सेकंदांवरून मिनिटांवर गेलं. डिस्कमधून मंद टिकटिक येऊ लागली. बाबा उठून आत गेले, त्यांना ते ऐकवेना. मग उडी लागली, वेग पूर्ववत झाला. असा पट्टा पुढे आणखी थोडा आला आणि नंतर शेवटपर्यंत स्वच्छ. पहिली फेरी संपली तेव्हा एक टक्क्याच्याही खूप आतला भाग उरला होता. मशीन बंद करून डिस्क थंड होऊ दिली. नंतर खरवडण्याची फेरी आणि मोजके पुनर्प्रयत्न, त्यातली एक उलट्या दिशेने. उलट्या दिशेने आल्यावर काही सेक्टर वाचले जातात, तसे इथेही गेले. शेवटी काहीशे केबी वाचले गेलेच नाहीत. तिथे मी थांबलो. आणखी फेऱ्या मारता आल्या असत्या, पण १९७ चा आकडा तोवर वाढला होता.

आता खरा प्रश्न: ते काहीशे केबी कुणाचे? विंडोजच्या अपडेटचे असतील तर गेले म्हणून काही बिघडत नाही. फोटोचे असतील तर बिघडतं. डीडीरेस्क्यूमध्येच याचा उपाय आहे. मॅपफाइलच्या आधारे प्रतिमेतल्या न वाचलेल्या जागा आपण दिलेल्या मजकुराने भरून घेता येतात. मी एक ओळखू येईल असं, कुठल्याच फाइलमध्ये एरवी सापडणार नाही असं वाक्य दिलं. मग ती प्रतिमा डिस्कसारखी जोडली आणि ते वाक्य कुठल्या फायलींमध्ये सापडतं ते शोधलं. यादी आली. बहुतेक विंडोजच्या सिस्टीम फायली, एक सिनेमा, आणि चार फोटो.

त्या चारातला एक उघडून बघण्यासारखा होता. फोल्डरमध्ये छोट्या चौकोनात तो अगदी व्यवस्थित दिसत होता: आजी-आजोबा, मागे भिंत, सगळं स्वच्छ. उघडला तर वरचा तिसरा हिस्सा ठीक आणि त्याखाली सपाट राखाडी पट्टा. कारण कॅमेरा जेपेग फाइलच्या सुरुवातीलाच एक लहानशी वेगळी प्रतिमा ठेवतो आणि फाइल मॅनेजर बऱ्याचदा तीच दाखवतो. फाइलच्या पुढच्या भागात छिद्र पडलं तरी ती लहान प्रतिमा शाबूत राहते. म्हणजे फोटोंच्या फोल्डरवरून नजर फिरवून ‘सगळे आले’ असं म्हणता येत नाही. हे मला आधी ऐकून माहीत होतं. आजोबांचा चेहरा राखाडीत गेलेला बघितल्यावर ते अंगावर आलं. हा फोटो पूर्वी आत्याला ईमेलने पाठवलेला होता, आणि थंडरबर्डच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये तो जोडपत्र म्हणून सापडला, आकाराने लहान केलेला, पण पूर्ण. ईमेल यादीत वर घेतली होती त्याचं हे फळ. उरलेल्या तिन्ही फोटोंच्या आगचे-मागचे, जवळजवळ तसेच, फोटो मिळाले.

प्रत जुळते का हे बघायला मूळ डिस्क पुन्हा वाचून तुलना करायची नव्हती, तिला आता विश्रांती. प्रतिमेतून फायली बाहेर काढल्या, प्रत्येकीचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारी, बोटाच्या ठशासारखी खूण) काढून यादी केली, आणि दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत करून त्याच यादीशी पडताळली. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. ही यादी दोन्ही डिस्कवर ठेवली आहे. पुढे कधीही एखादी प्रत किडली का ते तिच्यावरून कळेल.

रिस्टोअरला बसलो तेव्हा पहिला विचार आला तो प्रतिमा जशीच्या तशी नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, उतरवण्याचा. बाबांना नेमका तोच लॅपटॉप परत मिळाला असता. ते केलं नाही. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाली. विंडोज १० चंही नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, जी या मशीनमध्ये नाही. शिवाय खराब जागा सिस्टीम फायलींमध्ये होत्या. ते विंडोज केव्हा कुठे कोसळेल सांगता आलं नसतं. म्हणून एसएसडी बसवून तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं आणि डेटा तेवढा परत आणला. एसएसडी बहुतेक ७ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि जुन्या लॅपटॉपमधली जागा ९.५ मिलिमीटरची. नीट बसण्यासाठी सोबत प्लास्टिकची चौकट मिळते, ती टाकू नये. प्रतिमा उतरवायचीच असेल त्यांनी आणखी एक बघावं: ५०० च्या डिस्कची प्रतिमा ४८० च्या एसएसडीवर बसत नाही, आत रिकामी जागा कितीही असो.

थंडरबर्डची प्रोफाइल, म्हणजे त्याची पत्रं आणि सेटिंग असलेलं फोल्डर, नव्या थंडरबर्डला दाखवली आणि सगळी पत्रं फोल्डरांसकट उभी राहिली. फोटो जागेवर. मग बाबांनी आपल्या आठवणींची पहिली फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. पानभर रोमन अक्षरं, कंस, टक्केवारीच्या खुणा, मधेच दोन ठिपक्यांची स्वरचिन्हं. एकही मराठी शब्द नाही.

फाइल शाबूत होती, हॅश जुळत होता. बाबांनी हे सगळं युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) रुळायच्या आधीच्या सवयीने, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत मराठी अक्षर फाइलमध्ये साठवलेलं नसतंच. साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि त्याच्या जागी देवनागरीचा आकार दाखवण्याचं काम तो फॉन्ट करतो. फॉन्ट नाही तर लेख नाही. आपल्याकडच्या कितीतरी लेखकांची, छापखान्यांची, संस्थांची दहा-वीस वर्षांची कागदपत्रं अशीच आहेत, आणि ती वाचवताना फायलींइतकेच फॉन्ट वाचवावे लागतात. ही गोष्ट सांगण्यासाठीच मी खरं तर हे लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलेल्या बॅकअपच्या सूचनांमध्ये हे कधीच येत नाही, कारण त्यांच्यावर ही वेळ येत नाही.

पूर्ण डिस्कची प्रतिमा काढलेली होती त्याचा इथे उपयोग झाला. नुसत्या ‘महत्त्वाच्या फायली’ घेऊन डिस्क टाकून दिली असती तर फॉन्ट तिच्याबरोबर गेले असते. प्रतिमेतल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून बाबांचे फॉन्ट काढले, नव्या मशीनवर बसवले, लिब्रेऑफिस हा लिखाणाचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. मजकूर आला. बाबांनी पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला, दुसरा मनात, आणि मग तिथेच बसून एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायला लागले.

पुढचं काम आम्ही मिळून करतोय: सगळं लिखाण युनिकोडमध्ये आणण्याचं. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण निमूटपणे विश्वास ठेवण्यासारखे नाहीत. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या व्यंजनाला चिकटते, काही जोडाक्षरं फुटतात, आणि मधे आलेले इंग्रजी शब्द देवनागरीच्या निरर्थक अक्षरांत बदलतात. म्हणून प्रत्येक लेखाची मूळ फाइल तशीच ठेवतो, शेजारी जुन्या फॉन्टची पीडीएफ, आणि तिसरी युनिकोडमधली. बाबा पीडीएफ समोर ठेवून ओळ न ओळ ताडून बघतात. बदललेल्या मजकुराचा फायदा त्यांना लगेच पटला, कारण आता शोध चालतो. एका नातेवाइकाचं नाव टाकलं आणि ते कुठकुठल्या लेखात आलंय ते समोर आलं.

नेहमीच्या बॅकअपची व्यवस्था साधी ठेवली. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, आणि लिखाण-फोटोंची तिसरी कूटबद्ध करून क्लाउडवर. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसला लॅपटॉपइतकीच उघडी असते. आणि नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नाही. इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. मिंट वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: त्यातलं टाइमशिफ्ट हे सिस्टीम परत आणण्यासाठी आहे, तुमच्या स्वतःच्या फायली ते मुळात घेतच नाही. नाव बघून अनेकांना वाटतं सगळं सांभाळलं जातंय. फायलींसाठी वेगळं साधन लावावं लागतं.

लावल्यावर ते परत देतं का, तेही बघायचं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. बॅकअपच्या एकाहून अधिक पद्धती त्यांच्याकडे होत्या, पण ऐनवेळी त्या उपयोगी पडल्या नाहीत. शेवटी योगायोगाने काही तास आधी घेतलेल्या एका प्रतीवरून त्यांनी काम सावरलं, आणि हे सगळं स्वतः उघडपणे लिहून ठेवलं. आम्ही घरी एवढंच करतो: बॅकअपमधलं एखादं फोल्डर तिसऱ्याच जागी परत काढायचं, हॅशच्या यादीशी जुळवायचं आणि त्यातल्या दोन-तीन फायली, फॉन्टसकट, उघडून वाचायच्या. हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय.

जुनी डिस्क अजून टाकलेली नाही. तिच्यावर तारीख लिहून मॅपफाइलची एक प्रत छापून सोबत ठेवली आहे. कधी एखादी फाइल प्रतिमेत नीट निघाली नाही, तर तज्ज्ञाकडे जाताना ही दोन्ही हाती असावीत. युनिकोडचं काम संपलं की ती नष्ट करू. नुसतं पुसून देऊन टाकणार नाही. खराब ठरवून बाजूला काढलेल्या सेक्टरांवर आपल्याला पुन्हा लिहिता येत नाही, आणि त्यांत काय राहिलंय ते कळत नाही. तबकडीला भोक पाडून मगच ती ई-कचऱ्यात जाईल.